बसत बसत सातारा

आमच्या आबांबरोबर तुम्ही सातारा बघायला निघालात, तर घरी परत येईपर्यंत साताऱ्यातली बघण्यासारखी एकही गोष्ट तुम्ही बघितलेली नसते. बसलेले मात्र सगळीकडे असता. चार भिंतींच्या स्मारकाचा चढ लागला की माणसं वळून खाली पसरलेलं गाव बघतात, मान वर करून किल्ला बघतात. आबा त्या वळणावरचा एक दगड दाखवतात. "ह्यो बगा. चारनंतर सावली असतीया. टेका बरं जरा." तुम्ही टेकता. "आता उठा." तुम्ही उठता. "कसं वाटलं? कंबरंला वड बसली का?" हे ते इतक्या गंभीरपणे विचारतात, की किल्ल्याबद्दल काही विचारायचं पाहुण्याला धाडस होत नाही. माझ्या एका मावसभावाने ते केलं. म्हणाला, "आबा, हा किल्ला कुणी बांधला?" आबा किल्ल्याकडे न बघताच म्हणाले, "बांदला आसंल कुनीतरी. पर चढावर बसायला धड एक जागा न्हाई केली."

आबांचं नाव रंगराव. गाव कोरेगावच्या बाजूचं. जन्मभर एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते, त्यातली बरीच वर्षं सातारा-सांगली. निवृत्त झाल्यावर राजपथ या मुख्य रस्त्याच्या वरच्या अंगाला आमच्या गल्लीत, आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आले. खाकी सुटली, पण खाकीचा नाद सुटला नाही. अजून शर्ट शिवायचा तर त्याच रंगाचा. बोलण्यातही सगळी गाडीच. चहाला थांबलं की हाल्ट, वाटेत कुणी ओळखीचं भेटलं की विनंती थांबा, आणि कुणी दमलं की पंक्चर. चालायला निघाले तरी मागून कुणीतरी "चला" म्हटल्याशिवाय पाय उचलत नाहीत, कारण घंटी ऐकल्याशिवाय गाडी हलवायची नाही हे हाडात मुरलेलं. पाहुण्यांना हे ठाऊक नसतं. मग आबा पुढे तोंड करून उभे, पाहुणे त्यांच्या मागे उभे आणि दोघंही एकमेकांची वाट बघतायत, असा देखावा आमच्या गल्लीच्या तोंडाशी पुष्कळदा दिसायचा.

"तुम्हाला बसण्याचं एवढं काय आहे हो?" मी एकदा विचारलं.

"ताई, जलमभर बसून नोकरी केली," आबा म्हणाले. "बसन्यातलं आपल्याला कळतं."

मला स्वतःला चालायचा भयंकर कंटाळा. त्यामुळे घरी पाहुणे आले आणि त्यांनी सातारा दाखव म्हणून लकडा लावला, की मी मधल्या भिंतीवर थाप मारायची आणि पाहुणे आबांच्या हवाली करून निवांत व्हायचं. पण आबा कुणालाही नेत नसत. आधी चौकशी.

"पावनं कसलं हायत?"

"चांगले आहेत की. सज्जन आहेत."

"त्ये न्हवं. गुडघं कसं हायत?"

धडधाकट माणूस दिसला की आबांचा चेहरा पडायचा. माझा एक दीर रोज पहाटे पळायला जातो. त्याला आबांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्यास्नी न्हिऊन काय करू? ह्ये न बसता जात्याल." मावसभावाला नेलं होतं तेही त्याचा पाय मुरगळलेला होता म्हणून. उलट संधिवात, मणक्याची तक्रार, नुकतंच झालेलं ऑपरेशन असं काही कानावर पडलं की आबा वहाणा शोधायला धावायचे. माझा नवरा म्हणायचा, या माणसाच्या मनात काहीतरी दुष्टपणा आहे. मलाही अधूनमधून तसं वाटायचं.

या हिशेबाने आबांसाठी देवाने मुद्दाम धाडलेला पाहुणा म्हणजे माझी सांगलीची आत्या. अंगाने भरलेली, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि तोंड मात्र अजिबात न कुरकुरता चालणारं. तिला साताऱ्याचं एक पटत नाही. "आमच्या सांगलीत कसं, सगळं सपाट," ती पहिल्याच वळणावर आबांना म्हणाली. "घरातनं निघालं की सरळ गणपतीच्या देवळात. हितं काय बाई, चढ न्हाईतर उतार."

"देवळाम्होरं बसायला हाय का?" आबांनी विचारलं.

"हाय की. चांगलं ऐसपैस."

"पायरी किती उंच?"

आत्या जन्मापासून त्या देवळात जाते, पण पायरीची उंची तिला आजवर कुणी विचारली नव्हती. ती जरा गडबडली. "आता घाटाच्या पायऱ्या घ्या," ती सावरून म्हणाली, "खाली खाली कृष्णेपर्यंत जातात. संध्याकाळी काय वारं असतं."

"म्हंजे बुटक्या," आबा म्हणाले. "बुटक्यावर बसाय येतंय, उठाय येत न्हाई." सांगलीचा निकाल तिथेच लागला.

त्या दिवशी आत्या घरी आली ती पाय चोळत, पण चिडलेली नव्हती. विचारात होती. "काय गं," ती मला म्हणाली, "ह्यो माणूस मला गाव दाखवत न्हवता. मला कशालातरी वापरत हुता."

"कशाला?"

"ते कळलं की सांगते."

आबांच्या घरात आणखी एक माणूस होतं. तुम्हाला अजून भेटलं नाही, कारण ते गल्लीतही कुणाला भेटत नव्हतं. त्यांची बायको, हौसाक्का. माहेर पलूसकडचं. सातारला बिऱ्हाड आलं आणि थोड्याच दिवसांत आक्का भाजी आणायला गेलेल्या घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, हाड जुळलं, काठी आली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता बाहेर पडून चालायचं, नाहीतर आहे ते बळही जाईल. आक्का चुलीपासून उंबऱ्यापर्यंत चालायच्या आणि उंबऱ्यापाशी वळायच्या. कुणालाही दिसेल इतपत बारीक होत चालल्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही, म्हणून मी त्यांच्याकडे जाऊन नुसतीच बडबड करायची.

"आक्का, रिक्षाने जाऊन या की कुठेतरी."

"रिक्षात बसलं की दवाखान्यात चालल्यागत वाटतंय."

आबांनी एकदा तोडगा काढला होता. आक्का चालणार आणि आबा प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन मागून येणार. आक्कांनी ती खुर्ची परसात नेऊन तिच्यावर भांडी पालथी घातली. "माझ्या मागनं खुर्ची घिऊन फिरनार. मी काय सभंला चाललीया?"

"मग त्यांचा हात धरून जा."

आक्का पदर तोंडाला लावून हसल्या. "भर बाजारात नवऱ्याचा हात धरू? लोकं बघत्याल न्हवं." मग हसू गेलं आणि त्या म्हणाल्या, "लगीन झाल्यावर ह्ये म्हनलं हुतं, तुला सातारा दावतो. मग ह्यांची डूटी. मी गावाकडं, ह्ये गाडीवर. मग म्हनलं, रिटायर झालो की दावतो. रिटायर झालं आन मी पडले." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "राजवाड्याम्होरं सांजच्याला भेळंच्या गाड्या लागत्यात म्हनं. खरं का?"

राजवाडा आमच्या गल्लीपासून चालत जाण्यासारखा. खाली उतरून राजपथ धरायचा, मोती चौक ओलांडायचा की आलाच. मी "खरं" म्हटलं आणि उगीचच चहा ठेवायला उठले.

आता हे सगळं ऐकल्यावर तुम्हाला जे दिसतंय ते मला दिसायला हवं होतं. पण शेजारच्या माणसाला आपण रोज बघतो, म्हणून त्याच्याकडे कधी नीट बघत नाही.

दिवाळीच्या आधी आबांनी नवीनच काढलं. खिशात सुतळी. पाहुणा नसला तरी राजपथाने हिंडायचे आणि दुकानांच्या पुढचे कट्टे-पायऱ्या सुतळीने मापायचे. मापून झालं की ती सुतळी स्वतःच्या गुडघ्याला लावायची, मान हलवायची आणि पुढच्या दुकानाशी जायचं. अंगात खाकी शर्ट, कपाळाला आठी. दुकानदार नमस्कार करायचे. आबाही करायचे.

मी ब्लाउजपीस आणायला मोती चौकाच्या पलीकडच्या कापडवाल्या शेठजींकडे गेले, तर दुकानापुढचा दगडी ओटा गायब. नुसती माती आणि चार फुटके दगड.

"हे काय शेठजी?"

"काय सांगायचं ताई," शेठजी आवाज खाली आणून म्हणाले. "पालिकेचा माणूस येऊन मापं घेऊन गेला. एकदा न्हाई, पुन्हा पुन्हा आला. ओटा जरासा रस्त्यावर होता, आता खोटं कशाला बोलू. नोटीस यायच्या आत म्हटलं आपणच फोडलेला बरा."

"कसा होता माणूस?"

"उंच, खाकी शर्ट. लय कडक. चहा दिला तर घेतला न्हाई. म्हणाला, 'ओटा ब्येस हाय.' त्याच्या बोलण्याचा अर्थच मला लागेना."

मी घरापर्यंत हसत आले. आबा दारात उभे होते, आत्याही दिवाळीला आलेली, आमच्या पायरीवर बसली होती. मी दोघांना रंगवून सांगितलं. शेठजींचा आवाजसुद्धा काढून दाखवला. आत्या हसली. आबा हसले नाहीत.

"फोडला?" त्यांनी विचारलं.

"हो ना. तुम्हाला घाबरून."

"समदा?"

"समदा."

आबा होते तिथेच, गल्लीच्या फरशीवर बसले. बसण्यातलं कळणारा माणूस, त्याने खाली काय आहे हेही बघितलं नाही. "त्योच एक हुता," ते म्हणाले. "देवळाच्या ओट्यापास्नं राजवाड्यापातूर मधी त्योच एक. बाकी समदं बुटकं." मग खिशातली सुतळी काढून हातात धरत म्हणाले, "जलमभर लोकांची मानसं पोचवली ताई. घरचं एक मानूस ऱ्हायलंय."

आत्या गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि थेट आक्कांच्या घरात गेली. परत आली तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं.

"तिनंच म्हटलं हुतं त्यांना," आत्या मला सांगायला लागली. "मागं लागले हुते, चल चल म्हणून. ही म्हटली, वाटेत टेकायला जागा दावा, मग येते. टाळायला म्हटलं बाईनं. आणि ह्यो बाबा तवापासनं जागा शोधतोय." आत्याने स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं. "म्हणून आमच्यासारखी लंगडी माणसं लागायची त्याला. मी उठले की तिला उठाय येईल, असा हिशेब. मला आधी सांगितलं असतं, तर आणखी चार ठिकाणी बसून दाखवलं असतं."

दुसऱ्या दिवशी आत्या मला घेऊन शेठजींच्या दुकानात गेली. तिने शेठजींना सगळं सांगितलं ते असं, की जणू ओटा फोडण्यात त्यांनी तिचं व्यक्तिशः नुकसान केलं होतं. शेठजी हातातली मीटरपट्टी ठेवून खाली बघत राहिले. "आहो मग आधी बोलायचं की," ते म्हणाले. "माझी आई शेवटी शेवटी अशीच घरात बसली होती." ते स्वतःची गल्ल्यावरची उंच खुर्ची द्यायला तयार झाले. पण अडचण ही, की मुद्दाम ठेवलेली खुर्ची दिसली तर आक्का बसायच्या नाहीत. शेवटी त्यांनीच युक्ती काढली. खुर्ची दुकानाबाहेर ठेवायची आणि तिच्या पाठीवर एक साडी टाकायची, म्हणजे दुकानाचा देखावा वाटेल.

आबांनी आक्कांना सांगितलं, जागा झाल्या. आक्कांची आता पंचाईत झाली. शब्द दिलेला होता. त्या दिवशी ऊन उतरल्यावर त्या चांगलं लुगडं नेसून उंबऱ्यापाशी आल्या आणि मला वाटलं आता वळणार. आबा पायरीखाली, गल्लीकडे तोंड करून उभे होते. नेहमीसारखे. आक्कांनी एकदा काठीकडे बघितलं, एकदा आबांच्या पाठीकडे, आणि म्हणाल्या, "चला."

मी आणि आत्या बाजाराला निघाल्यासारखं करत मागून चाललो. आत्याने हातात रिकामी पिशवी घेतली होती आणि ती जरुरीपेक्षा जास्त हलवत होती. पहिली जागा म्हणजे देवळाचा ओटा, तिथे सगळं सुरळीत झालं. आक्का बसल्या, उठल्या, आबांनी आमच्याकडे बघून मान डोलावली. तिथून पुढे पानवाल्याच्या शेजारचं लाकडी बाकडं. ते आबांना आदल्याच दिवशी नव्याने सापडलं होतं. खरं तर आमच्या सगळ्यांपेक्षा तेच बाकडं दिवाळीच्या तयारीला लागलं होतं. त्याला हिरवागार रंग दिलेला आणि वर पाटी, रंग ओला आहे.

आबा त्या बाकड्यासमोर उभे राहिले. बोट लावून बघितलं. बोट हिरवं झालं.

"काय झालं?" आक्कांनी विचारलं.

"काय न्हाई. म्होरं हाय एक. जवळच हाय."

जवळ नव्हतं. मला ते अंतर ठाऊक होतं आणि आत्याच्या गुडघ्यांना तर फारच ठाऊक होतं. आक्का चालत राहिल्या. मोती चौकात गर्दी होती, आकाशकंदील टांगलेले, मोटारसायकली, पणत्यांच्या गाड्या. चौकाच्या मध्यावर आक्कांची काठी थांबली. त्या दम खात उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडत चाललेला मला लांबून दिसला. आत्या पिशवी हलवायची थांबली. मी पुढे धावणार होते, आत्याने माझा दंड धरला.

आबा मागे वळले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. कुठे काही नव्हतं. साताऱ्यातली एकूण एक पायरी पाठ असलेला तो माणूस भर चौकात हिरवं बोट घेऊन उभा होता. "मी समदं बगितलं हुतं गं," ते एवढंच म्हणाले. "खरंच बगितलं हुतं."

आक्कांनी त्यांच्याकडे बघितलं. मग काठी या हातातून त्या हातात घेतली आणि मोकळा हात आबांच्या खांद्यावर ठेवला. नुसता ठेवला नाही, सगळा भार दिला. आबा जरा वाकले आणि ताठ झाले.

"उबं ऱ्हावा जरा," आक्का म्हणाल्या. "हाल्ट हाय."

माणसं बाजूने जात होती. एकदोघांनी वळून बघितलं. आक्कांचा श्वास हळूहळू जागेवर आला, गालावर रंग आला. आत्या डोळे पुसून म्हणाली, "धूळ लय हाय तुमच्या साताऱ्यात."

पुढे शेठजींचं दुकान आलं. शेठजी दारातच उभे, खुर्ची बाहेर, खुर्चीवर त्यांनी दुकानातली सगळ्यात भारी पैठणी टाकलेली. "या, बसा ना," ते म्हणाले. आक्का थबकल्या. "नगं बाई," त्या म्हणाल्या. "एवढ्या भारी लुगड्यावर कशी बसू? घडी मोडंल की." शेठजी आमच्याकडे बघायला लागले. आम्ही पणत्यांकडे बघायला लागलो. आक्का मात्र खांदा न सोडता पुढे निघाल्या.

राजवाड्यासमोर भेळेच्या गाड्या लागलेल्या होत्या. आक्कांना गाडीवाल्याने स्टूल दिलं. त्यांनी भेळ खाल्ली, तिखट पाहिजे म्हणून आणखी मिरची मागून घेतली, आणि नाक ओढत समोरच्या वाड्याची लाकडी कामं, सज्जे, दिवे एकेक करून आबांना विचारत बसल्या. आबांना त्यातलं एकही सांगता येईना. "आवं, मग इतकी वरसं दावतो दावतो म्हनत हुता ते काय?" त्या म्हणाल्या. आबा मान वर करून वाड्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "लय मोटा हाय की गं."

आता अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. मी आणि आत्यानेही भेळ घेतली, लपायचं काही कारण उरलं नव्हतं. आत्या आक्कांना म्हणाली, "आता सांगलीला या. आमच्याकडं सगळं सपाट हाय." आक्का म्हणाल्या, "यीन की."

दिवेलागणीला आम्ही परत निघालो. आबा पुढे, त्यांच्या अर्धं पाऊल मागे आक्का.

"उद्या खालच्या रस्त्यानं जाऊ," आक्का म्हणाल्या.

"त्या रस्त्याला बसायला काय न्हाई," आबा काळजीने म्हणाले. "मी समदा बगितलाय. एक बी जागा न्हाई."

"मग उबं ऱ्हाऊ की," आक्का म्हणाल्या.

मोती चौक पुन्हा आला. गर्दी आता जास्त होती, आणि आक्कांचा हात त्यांच्या खांद्यावर तसाच होता. लोक बघत होते, आणि आक्का त्यांना बघू देत होत्या.